हात न लावणारे आबा

कोल्हापुरात मालीश करणारे पुष्कळ. आमच्या गल्लीतले आबा मात्र हात न लावण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. पैसे पूर्ण घेतात.

माळ्यावरचा डबा काढताना स्टूल सरकलं आणि माझा उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला. तीन आठवडे हात झोळीत. झोळी सुटली त्याच संध्याकाळी मी तिळाच्या तेलाची बाटली घेऊन तालमीत हजर. आबांनी बाटली खिडकीत ठेवली.

"फोटो?"

फोटो म्हणजे एक्स-रे. सोयरिकीला आलेल्या मुलीचा बघावा तसा तो त्यांनी दाराच्या उजेडात धरून बघितला. मग मला डोळे मिटायला लावून दंडावर, अगदी खांद्याखाली, टॉवेलचं टोक फिरवलं. "कळतंय का रं?" कळत होतं. "मग शीर शाबूत हाय."

आणि मग त्यांनी मान चोळली. पाठ चोळली. डावा हातसुद्धा चोळला!

"आबा, दुखतंय उजव्या खांद्यात."

"म्हणूनच. त्याला जपून जपून मान आखडलीय तुझी. सांधा न्हाई रगडायचा."

यापुढे पैलवानाची गोष्ट येते. तरुणपणी तालमीत एकाचं कोपर निखळलं. सगळ्यांनी, आबांनीही, रोज गरम तेलानं दणकून रगडलं. मांसात हाड धरलं, हात सरळ होईना. मी ही गोष्ट चारदा ऐकली; दर वेळी पैलवानाचं वजन दहा किलोनं वाढतं, पण "मीबी रगडलं हुतं" म्हणताना आबांचा आवाज तेवढाच खाली जातो.

मग फर्मानं. यष्टीतली वरची दांडी धरायची नाही. हात उशाला घ्यायचा नाही. गणपतीत ढोल बंद. सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. टेबल धरून वाकायचं आणि हात गाईच्या शेपटीसारखा सैल हलवायचा. घरी मी हे करू लागलो की बायको शेजारणींना बोलावते.

सहाव्या आठवड्यात आबांनी खांद्यावर दोन बोटं ठेवली. मी धन्य झालो. तेवढ्यात ती उचलून म्हणाले, "बास आज."

"आबा, माझी तेलाची बाटली?"

त्यांनी कोपऱ्यातल्या मारुतीकडे हनुवटी केली. खिडकीतल्या सगळ्या बाटल्या शनिवारी तिकडेच जातात. एवढा तुकतुकीत मारुती अख्ख्या पेठेत नाही.