हिवाळी ट्राउटवाला

हिवाळी ट्राउटवाला वेडा आहे असं त्याच्या घरच्यांचं मत असतं आणि तो तपस्वी आहे असं त्याचं स्वतःचं. मला दोन्ही मतं मान्य नाहीत. कोलोराडोच्या डोंगरांत, जानेवारीत, हवा उणे दहावर असताना मांडीभर पाण्यात उभा राहून ट्राउट मासा फसावा म्हणून दोऱ्याच्या टोकाची खोटी माशी प्रवाहात सोडणारा हा गृहस्थ मुळात हाडाचा कारकून असतो. भुवयांवर साचलेला बर्फ आणि बधिर झालेले पाय हा सगळा बाहेरचा थाट. आत जमाखर्च चाललेला असतो, आणि तोही पैपैचा.

तो जागा कुठली निवडतो ते पाहा. वेडा माणूस वाटेल त्या नदीवर गेला असता. हा धरणाच्या पायथ्याशी जातो. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यांत जड असतं. त्यामुळे खोल जलाशयावर बर्फाची लादी चढली तरी तळाचं पाणी ४ अंशांच्या आसपास राहतं, आणि धरणातून बाहेर पडतं ते बहुधा हेच तळचं पाणी. म्हणून आसपासचे ओढे गोठून बसलेले असताना चीझमन धरणाखालची साउथ प्लॅट किंवा रूडी धरणाखालची फ्राइंगपॅन नदी खुशाल वाहत असते. फ्राइंगपॅनवर तर आणखी एक बेरीज आहे. कोलोराडोतल्या जलाशयांत मायसिस नावाची इवलीशी कोळंबी मुद्दाम सोडण्यात आली होती, तिथल्या माशांचं पोषण व्हावं म्हणून. पण ही कोळंबी दिवसा तळाशी दडून राहते, रात्री वर येते, आणि माशांच्या तोंडी लागण्याऐवजी त्यांच्याच वाट्याचे सूक्ष्म जीव फस्त करते. वरच्या माशांचं नुकसान झालं. खाली मात्र धरणाच्या पाण्याबरोबर वाहून येणारी कोळंबी खाऊन ट्राउट गलेलठ्ठ झाले. सरकारी योजनेचा लाभ भलत्यालाच मिळाल्याचं हे उदाहरण आपल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. हिवाळी ट्राउटवाल्याला ते तोंडपाठ असतं आणि तो त्या भलत्याच्याच मागावर असतो. घरून निघण्याआधी तो सरकारी मापकावरचा नदीचा विसर्ग पाहतो. क्युसेक हा शब्द पुणेकराला पावसाळ्यात, खडकवासला भरल्यावर आठवतो. याच्या तोंडी तो ऐन जानेवारीत रोज असतो.

वेळही सरकारी कचेरीचीच. दहाच्या आधी तो पाण्यात पाय घालत नाही आणि तीननंतर थांबत नाही, कारण ऊन वर आल्याशिवाय मिज नावाची चिलटं पाण्यातून बाहेर पडायला लागत नाहीत. भर हिवाळ्यात ट्राउटला जे थोडंफार खायला मिळतं त्यात या चिलटांचा वाटा मोठा. गार पाण्यात माशाचं पचन मंदावतं, तो खोल संथ डोहात पडून राहतो आणि नाकासमोर आलं तरच तोंड उघडतो. वीतभर बाजूने गेलेल्या घासासाठी हलणं त्याला परवडत नाही. मासाही हिशेबीच! तेव्हा माशी चिलटाएवढीच हवी आणि ती नेमकी त्याच्या नाकावरून गेली पाहिजे. बावीस नंबरचा गळ (नंबर वाढेल तसा गळ लहान होतो), त्यावर काळा दोरा, दोऱ्यावर रुपेरी तारेचे पाच-सहा वेढे आणि डोक्याशी एक मणी: झाली माशी. ती बांधायची दोरी ०.१३ मिलिमीटर जाडीची. आता हातमोजा दातांनी ओढून काढायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, श्वास रोखायचा, कारण श्वासाच्या वाफेने काहीच दिसत नाही, आणि निळ्या पडलेल्या बोटांनी ही दोरी गळाच्या नेढ्यात ओवायची. चौथ्या खेपेला ओवली जाते. गाठ मारून मान वर करावी तर काठीच्या कड्यांत पाणी गोठून दोरी जागच्या जागी अडकलेली. मग काठीचं टोक नदीत बुडवून बर्फ वितळवायचा, कारण त्या परिसरात त्यातल्या त्यात उबदार वस्तू म्हणजे नदीच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एवढा हिशेबी माणूस पकडलेला मासा परत पाण्यात कसा सोडतो? यात मला विसंगती दिसत नाही. बँकेतला कारकून दिवसभर रोकड मोजतो, ती घरी नेत नाही. आकडे जुळले की त्याला सुखाची झोप लागते. आपण मांडलेलं तापमान, विसर्ग, खोली, माशीचा नंबर हे सगळं बरोबर होतं, याची पोच म्हणजे तो मासा. पोच पाहिली, सही केली, पाठवून दिली.

दुसरा आक्षेप तो स्वतः घेईल: मी एकांतासाठी जातो. हा दावा फेब्रुवारीतल्या कुठल्याही शनिवारी धरणाखालच्या गाड्यांच्या तळावर तपासून पाहावा. न गोठलेलं पाणी थोडं आणि ते कुठे आहे हे काढणारी डोकी पुष्कळ. सगळ्यांचं उत्तर एकच येतं. मग एकांताचे सात-आठ उपासक एकाच डोहावर हाताहाताच्या अंतराने उभे राहतात आणि एकमेकांकडे न पाहण्याची पराकाष्ठा करतात. बोलणं झालंच तर ते थंडीबद्दल. उन्हाळी गळवाला माशाच्या लांबीत थापा मारतो. हिवाळी गळवाला पाऱ्यात मारतो. सकाळी उणे आठ असलेली हवा दुपारच्या कॉफीपर्यंत उणे पंधरा होते आणि मार्चमध्ये गोष्ट सांगेपर्यंत उणे पंचवीस.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. आपल्या हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो विणीचा काळ. कोलोराडोत मात्र बहुतेक पाणी बारमाही खुलं. मग गारठून सुस्तावलेल्या जिवाला केवळ पडताळ्यासाठी बाहेर ओढणं बरं आहे का? बरं आहे असं म्हणवत नाही. पण इथे त्याचा कारकुनी स्वभावच माशाच्या कामी येतो. गोठणबिंदूखालच्या हवेत ओल्या कल्ल्यांना काही क्षणांतच इजा होऊ शकते हे त्याला माहीत असतं, म्हणून तो मासा पाण्याबाहेर काढत नाही. जाळीत, पाण्यातच ठेवून गळ सोडवतो. ब्राउन ट्राउट शरदात तळाची वाळू-खडी शेपटीने साफ करून तिथे अंडी घालतो आणि ती हिवाळाभर खडीत असतात. असे उजळ, घासूनपुसून ठेवल्यासारखे पट्टे दिसले की तो लांबून वळसा घालतो. नदीवर प्रेम आहे, प्रेम आहे, असं ओरडत त्याच खडीवरून थयथय चालत जाणाऱ्या भावुक माणसापेक्षा मला हा परवडला.

राहता राहिला घरच्यांचा प्रश्न: हेच सगळं जुलैत का करत नाही? त्याचंही उत्तर तयार असतं. जुलैत मोकळ्या नद्यांचं पाणी दुपारी वीस अंशांकडे जातं, त्यातला प्राणवायू घटतो, दमलेला ट्राउट सोडला तरी जगेलच असं नाही. आणि धरणाखाली पाणी गार असलं तरी तिथे सुट्टीवाल्यांची जत्रा. एकही मुद्दा खोटा नाही. म्हणून जुलैतल्या दुपारी तो जबाबदार नागरिकाप्रमाणे घरी थांबतो, जेवणाच्या टेबलावर शिकंजा ठोकतो आणि भिंगाखाली बावीस नंबरच्या माश्या बांधत बसतो. जेवायला बसायचं कुठे, हे विचारण्याची सोय नसते, कारण मणी मोजून ठेवलेले असतात.