रिस्टोरेशनसम्राटांस सा. न. वि. वि.

श्री. रिस्टोरेशनसम्राट,
मुक्काम पोस्ट तुमचं ते ‘कस्टम स्टुडिओ’ की काय, यांस,

‘फुल रिस्टोअर्ड, मॉडर्न इंजिन, घाटात उडते’ असं सांगून तुम्ही मला विकलेली १९८८ ची मॅटाडोर एफ-३०७ सुखरूप आहे. म्हणजे उभी आहे. उभी असताना ती अत्यंत सुखरूप असते, आणि हे तुम्हालाही ठाऊक असावं, कारण तुमच्या एकूणएक रीलमध्ये ती उभीच आहे. फिरतो तो ड्रोन.

आधी कौतुक. रंग झकास. वर सायीसारखा पांढरा, खाली मोरपंखी, मधोमध चकचकीत पट्टी. आत तपकिरी रेक्झिनवर शिवलेल्या चौकड्या, छताला एलईडीची माळ. बॉडीवर जागोजागी पॉलिश पेपर घासून तुम्ही गाडीचं वय दाखवलंत. याला पॅटिना म्हणतात, असं तुम्हीच मला ऐकवलं होतं. गंजाचा भास रंगवायला पेंटर लावलात आणि जिथं खरा गंज होता तिथं लांबी भरलीत. फ्रिजवरचं मॅग्नेट हातात घेऊन मी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. दाराला घट्ट चिकटलं, चाकाच्या कमानीवर जेमतेम लटकलं, पायरीखालच्या पट्टीवर आलं आणि पडलं. तिथं स्क्रूड्रायव्हर टोचला, तर बोटाच्या पेराएवढी लांबी निघाली आणि लांबीच्या मागे घडी घालून कोंबलेलं वर्तमानपत्र. अग्रलेखाचं पान होतं. अग्रलेखावर इतका भार आजवर कुणी टाकला नसेल.

असो. पत्रा काय, कापून नवा लावता येतो. आपलं बोलणं व्हायला हवं ते इंजिनाबद्दल.

या गाडीच्या पोटात कंपनीनं काय ठेवलं होतं, ते उपटण्यापूर्वी तुम्ही एकदा पाहिलं होतंत का? मर्सिडीज-बेंझचं ओएम ६१६. २.४ लिटर, चार सिलिंडर, प्री-चेंबरचं डिझेल, बजाज टेम्पोनं परवान्यावर इथं बनवलेलं. जर्मनीत हेच इंजिन २४० डी मोटारीत असायचं. थेसालोनिकीच्या एका टॅक्सीवाल्यानं १९७६ ची २४० डी ४६ लाख किलोमीटर पळवली, आणि २००४ साली ती मर्सिडीजच्या संग्रहालयात जाऊन बसली. त्या गृहस्थानंही इंजिनं बदलली होती बरं का, आणि एकदा नव्हे. पण एक काढून दुसरं घातलं ते त्याच जातीचं. हे इंजिन चालू राहायला वीज मागत नाही. हीटर द्या, सेल्फ मारा. एकदा धडधडायला लागलं की डिझेल संपेपर्यंत त्याला तुमची गरज नाही. कदाचित हेच तुम्हाला खटकलं असेल.

ताकद बेताची होती, कबूल. मोटारीतल्या सुधारित अवतारात ७२ घोडे आणि १३७ न्यूटन-मीटर टॉर्क. भरलेली मॅटाडोर खंबाटकी चढायला लागली की मागच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नसे. धूर काळा, आवाज असा की पुढच्या सीटवरचे दोघं आयुष्यभर ओरडून बोलायचे. तेव्हा नवं इंजिन घालावंसं वाटणं यात मला काडीचंही पाप दिसत नाही. जुन्या गाडीचा प्रत्येक नट-बोल्ट पूजेला लावणाऱ्यांतला मी नव्हे.

पण घालायचं ते कुठलं? बजाज टेम्पोचं नाव पुढे फोर्स मोटर्स झालं. त्यांच्या गुरखात आणि ट्रॅक्समध्ये २.६ लिटरचं जे कॉमन रेल डिझेल आलं, ते याच ओएम ६१६ च्या वंशातलं. आजोबांच्या जागी नातू बसवायचाच होता, तर तो घरात होता. तो बसला असता की नसता, ते पाहण्याची तसदी तरी? तुम्ही कुर्ल्याच्या भंगारातून अपघातात चेपलेल्या कुठल्याशा एसयूव्हीचं २.२ लिटरचं टर्बो डिझेल उचललंत. टॉर्क २९० न्यूटन-मीटर, म्हणजे मूळच्या दुपटीहून जास्त. हा आकडा तुम्ही मला तीनदा ऐकवलात. तो जाणार कुठून, हे एकदाही सांगितलं नाहीत.

मॅटाडोर पुढच्या चाकांवर चालते. हा तिच्या घराण्याचा गुण. हॅम्बुर्गच्या विडाल अँड झोनचा टेम्पो मॅटाडोर, मग हॅनोमॅग, मग मर्सिडीज असे हात बदलत आलेली ही जात. सगळ्या पुढूनच ओढणाऱ्या. मागे शाफ्ट नाही, म्हणून फ्लोअर जमिनीलगत. म्हणून तर भाजीच्या पाट्या, बँडवाल्यांचे ढोल, दवाखान्याचं स्ट्रेचर, वरातीतल्या आज्या, सगळं विनासायास आत जायचं. पण त्यामुळेच इंजिनाचा सगळा जोर एका जुन्या गिअरबॉक्समधून आणि पुढच्या दोन एक्सलांमधून जातो. ते बेताच्या टॉर्कच्या हिशेबानं घडवलेले. आता वळणावर स्टिअरिंग पूर्ण कापलं की खालून कट-कट ऐकू येतं. तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही ‘सेट होईल’ म्हणालात. झालं. डावा जॉइंट कायमचा सेट झाला.

तुमची ती अडॅप्टर प्लेट मी गिअरबॉक्स उतरवून हातात घेतली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची ओळख करून देणारा हा एकच तुकडा, सगळा खेळ त्याच्यावर. क्रँकची आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टची मध्यरेषा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत जुळवायची असते. त्यासाठी प्लेट मशीनवर काढतात, डॉवेल पिना बसवतात, डायल गेज लावून फिरवून बघतात. तुमची प्लेट गॅस कटरनं कापलेली. कडेला वितळलेल्या लोखंडाचे थेंब अजून तसेच. भोकं अंडाकृती, म्हणजे जिथं बसेल तिथं बसवा. पिन एकही नाही. क्लचप्लेटचं हब एका बाजूनं झिजून चमकतंय. जुळणी तुम्ही डोळ्यांनी केलीत, हे उघड आहे. कुणाच्या, एवढंच कळायचं राहिलंय.

इंटरकूलर मधल्या सीटखाली सापडला. तिथं वारा फक्त दार उघडल्यावर येतो. रेडिएटर जुनाच. टर्बो वर आल्यामुळे दोन सीटांमधलं इंजिनाचं झाकण बसेना, म्हणून तुम्ही झाकणाला खिडकी पाडलीत आणि वर प्लायवूड ठोकून त्याला रेक्झिन लावलंत. त्यावर कप ठेवायला खाचही केलीत. चहा गरम राहतो, त्याबद्दल आभार.

मग एके सकाळी गाडी दम टाकायला लागली. आमच्या पंप-नोझलवाल्या काकांनी फिल्टर उघडून पांढऱ्या थाळीत ओतला. डिझेलच्या तळाशी तपकिरी रवा बसला. १९८८ ची टाकी तुम्ही तशीच ठेवलीत; बाहेरून काळा रंग, आतून गंज. जुनं इंजिन हे पचवत होतं, कारण त्याचं नोझल सव्वाशे बारच्या आसपास उघडायचं. कॉमन रेलमध्ये दाब जातो दीड हजार बारच्या वर, आणि इंजेक्टरच्या भोकातून केस जेमतेम जाईल. तिथं तुमचा हा रवा. मी म्हटलं, काका, टाकी खूप जुनी आहे म्हणून का? ते म्हणाले, “टाकी जुनी असू दे हो. इंजिन बदललंय हे टाकीला कुणी कळवलं होतं का?” चारही इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. दाराच्या चौकटीत कोंबायला कधी उपयोगी पडेल.

वायरिंगवर मी लिहिणार नव्हतो, पण स्टिअरिंगखालचं कव्हर काढल्यावर राहवलं नाही. नव्या इंजिनाचा ईसीएम किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू करत नाही. चोरीला आळा घालायची ही सोय. तुम्हाला मॅटाडोरची जुनी किल्लीच ठेवायची होती, रीलमध्ये छान दिसते. म्हणून त्या एसयूव्हीच्या किल्लीचं डोकं मोडून, कॉइलला लावून, काळ्या टेपनं गुंडाळून कायमचं आत ठेवलंत. आता माझी गाडी नेलकटरनंही चालू होते. ईसीएम स्वतः ड्रायव्हरच्या सीटखाली दुधाच्या पिशवीत आहे. पिशवीला पावसाळ्यासाठी गाठ मारलेली आहे, आणि त्याच गाठीतून वायरी बाहेर आल्यात.

हे सगळं मी हसून सोडलंही असतं. ब्रेक सोडवत नाहीत.

साताऱ्याकडे जाताना खंबाटकी खरोखर उडत चढली. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदाच तुमच्याबद्दल बरं वाटलं. घाटमाथा ओलांडून वेळ्याच्या बाजूनं उतार लागला आणि दुसऱ्या वळणाला पेडल मऊ पडलं. तिसऱ्याला तळाला टेकलं. जळक्या लायनरचा वास आत आला, मागे आजी विचारतेय काय करपलं. ब्रेक तेच, चाळीस वर्षांपूर्वीच्या वेगाचे ड्रम. तुम्ही त्यांना लाल रंग दिला होता. साठच्या वेगानं जाणारी गाडी शंभरनं पळवलीत की थांबवताना ब्रेकवर पावणेतीन पट ऊर्जा येते. वेग दीडपट-पावणेदोनपट आणि भार पावणेतीनपट, हा शाळेतला हिशेब आहे. दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेक धरून, कडेच्या खडीत घालून गाडी थांबवली. ताकद वाढवायची तर आधी थांबायची सोय वाढवायची, हे साधं शहाणपण. तुमच्या यादीत ब्रेकच्या आधी एलईडीची माळ होती.

आता तुम्ही म्हणाल, परदेशात तर सर्रास करतात. करतात ना. फोक्सवॅगनच्या जुन्या बसमध्ये १६०० सीसीचं, पन्नासेक घोड्यांचं, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन होतं. त्या जागी सुबारूचं आडव्या सिलिंडरचं २.२ लिटर बसवणारे इंग्लंड-अमेरिकेत ढिगानं आहेत. पण मागच्या इंजिनाला पाणी लागतं म्हणून ते लोक गाडीच्या पोटाखालून पुढपर्यंत पाइप नेतात, पुढे नवा रेडिएटर बसवतात, डिस्क ब्रेक घालतात, वायरिंगचा अख्खा गुंता टेबलावर पसरून नको ती एकेक तार वेगळी करतात. जर्मनीत तर तपासनीस गाडी बघून ताकदीला ब्रेक पुरेसे आहेत म्हणेपर्यंत नवं इंजिन कागदावर चढत नाही, आणि कागदावर नाही ते रस्त्यावर नाही. इंजिन बसवणं हा त्या कामातला सोपा भाग असतो. तुम्ही सोपा भाग केलात, तोही वाकडा.

कागदांचं तर विचारूच नका. रीपासिंगला गेलो. इन्स्पेक्टरनं चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, आकडे उमटले, जुळले. मग इंजिनाकडे वळला, आणि नंतर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. त्याच बनावटीचं दुसरं इंजिन घातलं असतं, बिल असतं, तर नंबर नोंदवून घ्यायला गेलो असतो. तुमच्या इंजिनाचं बिल म्हणजे सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेला आकडा. इन्स्पेक्टरचं काहीही चुकलं नाही. विमावाल्यांचंही नाही, जरी ते फोनवर मोठ्यांदा हसले.

आणि एक. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, क्रमांकात ‘व्हीए’ ही खास अक्षरं मिळतात. अट इतकीच की गाडी मूळ रूपात असावी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठी ढवळाढवळ नसावी. माझी मॅटाडोर २०३८ साली त्या रांगेत उभी राहिली असती. तुमच्या कृपेनं ती आज नवी गाडी म्हणून चालत नाही आणि २०३८ मध्ये जुनी म्हणूनही चालणार नाही. कालप्रवासाचा एवढा अवघड प्रयोग तुम्ही साध्या गॅस कटरनं केलात.

तर मागणी एकच. ते मूळ ओएम ६१६ तुम्ही कुणाला विकलंत, तेवढं कळवा. उसाच्या चरकाला जोडलं असेल, विहिरीवर पाणी उपसत असेल, दुसऱ्या कुणाच्या ट्रॅक्समध्ये असेल. मी जाऊन आणीन, शेतकऱ्याला नवा पंप घेऊन देईन. इंजिन नंबर आरसी बुकात छापलेला आहे, फोटो पाठवतो. तुमच्याकडे नोंद असण्याची शक्यता मी धरलेली नाही. काकांनी ते उघडून बसवायची तयारी दाखवली आहे, फक्त तुम्ही कापलेलं झाकण बघून ते थोडा वेळ खाली बसले होते. एसयूव्हीचं इंजिन तुम्ही परत न्या. न्यायला गाडी मात्र तुमची आणा, माझी चालत नाही.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, पत्ता असावा.