बखिया आणि वैद्यक

व्यंकोजीराजांच्या काळापासून कावेरीच्या मुलखात ठाण मांडून बसलेल्या, देवघरात मराठी, बाजारात तमिळ आणि कचेरीत इंग्रजी असा तिहेरी कारभार पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालविणाऱ्या तंजावरच्या मराठी घराण्यांत, १९५९ साली गावात वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यापासून, एक नवीनच प्राणी दृष्टीस पडू लागला आहे. तो म्हणजे स्वतःचे कपडे स्वतः शिवणारी वैद्यकाची विद्यार्थिनी. तिची ओळख पटायला सायास पडत नाहीत. आपण खोकत खोकत तिच्यासमोर जाऊन बसलो, तरी तिची दृष्टी छातीकडे न वळता प्रथम खांद्यावरच्या शिवणीकडे वळते, आणि ‘मुंढा चुकलाय’ हे निदान ती नाडीला हात न लावता करून मोकळी होते.

या छंदाचे कारण विचारण्याचे धाडस सहसा कोणी करू नये, कारण त्याचे उत्तर सुश्रुतापासून सुरू होते. वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी असे जखम शिवण्याचे चार प्रकार त्या महर्षीने सांगून ठेवले आहेत, हे ती दोरा ओवता ओवता ऐकविते. तेवढ्याने समाधान न झाल्यास, रक्तवाहिन्या सांधण्याच्या कामगिरीबद्दल १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या अलेक्सी कॅरेल या फ्रेंच शल्यविशारदाने लियाँच्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून सुईचे धडे घेतले होते, हा दाखला सादर होतो. दोन्ही दाखले खरे आहेत. परंतु आमच्या अल्प मतीप्रमाणे मूळ कारण निराळे असून ते दिवाळीच्या सुमारास सापडते, जेव्हा ‘उद्या नक्की’ या मुदतीवर घेतलेले कापड शिंप्याच्या फळीवर तसेच तहकूब पडते आणि वडिलांच्या जमाखर्चाच्या वहीत शिलाईची रक्कम मात्र आगाऊ खर्ची पडलेली असते.

रात्री पायमशीनची घरघर सुरू झाली की घरातील मंडळी अभ्यास चालू असल्याचे समजतात, आणि त्यात फारसे असत्यही नसते. ग्रेसाहेबांचा शरीररचनेचा ग्रंथ कापड बेतताना ते सरकू नये म्हणून एका कोपऱ्यावर ठेवलेला असतो, आणि कात्री चालत असता त्याच पानावरील मज्जातंतूंची नावे तोंडाने घोकली जातात. परिणामी तिला चेहऱ्याचा मज्जातंतू आठवण्यासाठी आधी बाही आठवावी लागते. केळीच्या सोपटावर टाके घालण्याचा सराव चालला असताना, दोन्ही बाजूंना इतकी जागा का सोडलीस, असे गुरुजींनी पृच्छिले, तेव्हा ‘पुढे रोगी अंगाने भरला तर उसवता यावे म्हणून दाब ठेवलाय’ असे उत्तर तिने अत्यंत गंभीरपणे दिले. गुरुजींनी त्यावर काय शेरा मारला, हे तिने घरी कळविलेले नाही.

खरा पेच उद्भवला तो हाडांमुळे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून निम्म्या किमतीत घेतलेला सांगाडा तिने तारेने ओवून मशीनच्या खोलीत खुंटीला टांगला, त्याच्या खांद्यावरून चोळ्या बेतल्या, त्याच्या मानेभोवती मोजपट्टी अडकविली, आणि टाचण्या त्याच्या कवटीत ठेवल्या. आजीने हे पाहताच फर्मान काढले की ती खोली ओवळी, ते मशीन ओवळे, आणि त्यावर शिवलेले कोणतेही सुती वस्त्र देवघराच्या उंबऱ्याआत येता कामा नये. धन्वंतरी महाल या आपल्या औषधशाळेत तंजावरचे सरफोजी महाराज स्वतः नेत्ररोग्यांकडे लक्ष देत, त्यांच्या डोळ्यांची चित्रे काढवून ठेवीत, आणि ती सरस्वती महाल ग्रंथालयात अद्याप आहेत, अशी नातीने घराण्याच्या राजनिष्ठेलाच हात घालणारी फिर्याद गुदरली. ‘ते राजे होते’ या एका वाक्यात ती निकालात निघाली. रेशमाला मात्र विटाळ नाही, एवढी सवलत आजीने शास्त्राधारे मंजूर केली, आणि तेव्हापासून शिलाईचे पैसे वाचविण्यासाठी आरंभिलेल्या या उद्योगात तिरुभुवनच्या रेशमाचे तुकडे येऊ लागले, ज्यांच्या किमतीत शिंप्याच्या घरातील सर्व मुलींचे पोशाख निघाले असते.

पुढे आजीने दुसरी हरकत घेतली, ती अशी की परका पुरुष तरण्या मुलीच्या खोलीत अहोरात्र उभा असणे कुलीन घरास शोभत नाही. नातीने कमरेचे हाड हाती घेऊन, त्याचा पुढचा कोन किती रुंद आहे हे बोटांनी दाखवून, ही बाई आहे असे सप्रमाण सिद्ध केले. आजीने बराच वेळ त्या कोनाकडे पाहिले.

‘‘मग अगं, बाईला अशी उघडी कशी ठेवलीस?’’

त्याच रात्री मशीन सुरू झाले. हिरव्या रेशमाची, बाह्यांना काठ लावलेली, अस्तराची चोळी दुसऱ्या दिवशी त्या सांगाड्याच्या अंगावर होती. आजीने दारातूनच पाहून ‘गळा जरा खोल झालाय’ असा शेरा मारला आणि तो बुजविण्यासाठी आपल्या पेटीतील जरीचा तुकडा काढून दिला.