नाव नसलेला बंब

अहो काकू, हात मोकळे असतील तर जरा गडग्यापाशी या. ओरडून सांगण्यातली गोष्ट नाही.

काल टेम्पोतून उतरला तो बंबच. माडाआडून बघत होतात ना? दिसलात मला! तांब्याचा आहे, चांगला पन्नासेक लिटरचा. खालच्या आळीतल्या त्या घराची वाटणी झाली, त्यातला. बंब तिघा भावांपैकी एकालाही नको होता, पैसे मात्र तिघांनाही हवे होते. शेवटी मोडीच्या भावावर थोडं चढवून तुटलं एकदाचं. धाकटी सून अजून फुगून बसलीय म्हणे. माझं नाव सांगू नका हं.

कुठल्या कारागिराचा? तेच तर कुणाला ठाऊक नाही. अंगावर नाव आहे ते आहेर करणाऱ्या मामाचं, तेही घासून घासून अर्धं गेलेलं. थोरले म्हणतात पुण्याच्या तांबट आळीतला, मधले म्हणतात मुंबईहून बोटीने आलेला. झालं, आमचे हे बिचकले. म्हणे नावाजलेल्या कंपनीचा स्टीलचा घेऊ, वॉरंटी तरी मिळेल. म्हटलं, मामाचं नाव आहे ना, तेवढं पुरे. बाकी मी बघते.

आधी फ्रिजवरचं लोहचुंबक नेऊन लावलं. चिकटलं असतं तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. नाही चिकटलं. मठाराचे ठोके अंगभर एकसारखे. ते काही केवळ शोभेचे नसतात, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. मग झाकण काढून आत बॅटरी मारली. चिंच लावून बाहेरून लख्ख केलेला बंब कुणीही दाखवील हो, आत क्षाराची खापरी धरलेली असली की लाकडं जळत राहतात आणि पाणी आपलं कोमट.

पण खरी मेख मधल्या नळकांड्यात. जाळ त्यातून वर जातो, पाणी भोवती. त्याचा सांधा कथलाच्या डाखाचा. तांबं 1085 अंशांपर्यंत दाद देत नाही, कथील मात्र 232लाच पाघळतं, शिसं मिसळलेलं असलं तर 183लाही. मग रोजच्या जाळावर डाख टिकतो कसा? भोवती पाणी असतं तोवर सांधा शंभराच्या फार वर जातच नाही. कुणी एकदा रिकामा पेटवला की आटोपलं. म्हणून त्यांच्याच अंगणात काठोकाठ भरून रात्रभर ठेवायला लावला, खाली कोरडं गोणपाट. थोरल्या वहिनींनी नाक मुरडलं, मुरडू दे! सकाळी गोणपाट ओलं होतं ते तोटीखाली तेवढंच. तोटी काय, नवी बसेल. नळकांड्याखाली ओलं दिसतं, तर फुकटसुद्धा आणला नसता.

आणि तो प्लंबर! म्हणतो, टाकीची लाईन जोडतो, झाकण पक्कं बसवतो, दोन्हीकडे कॉक. अरे बाबा, झाकण सैल आहे ते कुणी विसरलं म्हणून नव्हे. लिटरभर पाण्याची सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते, ती जाणार कुठे? कारखान्यातल्या बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, सरकारी तपासणी असते. याला काय आहे? तेवढं सैल झाकण. चहा पाजून वाटेला लावला त्याला.

पडवीतच ठेवलाय, न्हाणीघरात नाही. धूर निदान डोळ्यांना झोंबतो तरी, बंद खोलीत साठतो तो विषारी वायू कळतसुद्धा नाही. तुमचा गॅसचा गिझर आतच आहे ना? खिडकी उघडी ठेवत जा हो, राग मानू नका. आणि बंबाचं पाणी फक्त अंघोळीला. जुन्या डाखात शिसं असलं तर? भात शिजवायचा नाही त्यात.

आमचा भाचा हसतो. पन्नास लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला पावणेदोन युनिट वीज, तेवढ्यासाठी फुंकणी कशाला, म्हणतो. हिशेब बरोबर आहे त्याचा. पण पावसात वीज गेली आणि घरात पाहुणे असले, म्हणजे हिशेब कुणाला सांगायचा? शिवाय करवंट्या, पिढे, सोडणं वाडीत कुजतातच.

सोडणांवरून आठवलं. तुमच्या विहिरीमागे केवढा ढीग साठलाय, एखादं जनावर निघायचं त्यातून. मुलाला टोपली घेऊन पाठवू का?