सूर्यनारायणांस अनावृत पत्र

रथसप्तमी

श्री. भगवान सूर्यनारायण, मुक्काम आकाश, यांसी कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण अनादिकालापासून या भूमीवर प्रकाशाचा पुरवठा करीत आहात, आणि तोही परवाना न काढता, मंजूर भार न ठरवता व अनामत रक्कम न भरता, ही गोष्ट आजवर कोणाच्या लक्षात आली नाही, याचे कारण इतकेच की त्या प्रकाशाची वीज करून ती सार्वजनिक तारेत सोडण्याचा उपद्व्याप आमच्यासारख्या गृहस्थांनी केला नव्हता. आता तो प्रसंग आला आहे. सबब आमच्या गच्चीवर अवतीर्ण होताना कोणते नियम पाळावयाचे, याचा खुलासा वेळीच व्हावा, या सद्धेतूने हे पत्र लिहीत आहे.

आमंत्रण आपणांस रीतसर आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने ‘प्रधानमंत्री सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ जाहीर करून 1 कोटी घरांच्या छपरांवर आपली प्रतिष्ठापना करण्याचा संकल्प सोडला, 3 किलोवॉटच्या संचास 78,000 रुपयांचे अनुदान देऊ केले, आणि त्याच महिन्यात ग्राहकहक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून असे फर्मावले की, 10 किलोवॉटपर्यंतचा अर्ज सर्व दृष्टींनी परिपूर्ण असल्यास तो तांत्रिक तपासणीवाचून मंजूर झाला असेच मानावे. हे वाचून आमचे अंतःकरण भरून आले. परंतु परिपूर्णत्व हा परब्रह्माचा गुण असून तो आमच्या अर्जात सहजासहजी उतरत नाही, आणि अर्ज आपोआप मंजूर झाला तरी मीटर काही आपोआप भिंतीवर चढत नाही, हे ज्ञान यथावकाश झाले.

आमच्या अपूर्णतेचे मूळ वीजबिलात निघाले. ते अद्याप आमच्या कैलासवासी तीर्थरूपांच्या नावाने येते. इतकी वर्षे त्यांच्या नावावर पैसे स्वीकारताना कार्यालयास त्यांच्या निधनाची यत्किंचितही अडचण भासली नाही. त्यांच्या चिरंजीवाने उलट वीज देऊ करताच मात्र ती भासली. तेव्हा मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घरपट्टीची पावती असा सरंजाम घेऊन आम्ही खिडकीपाशी उभे राहिलो. कारकुनाने दाखल्याची प्रत उजेडात धरून शिक्का निरखला, पाठ-पोट उलटून पाहिली, आणि परम सौजन्याने विचारले, “हे ठीक आहे, पण मूळ ग्राहकाची सही कुठाय?” आपले चिरंजीव यमधर्म यांच्या सेवेत आमचे तीर्थरूप सध्या असावेत, त्यांच्या दप्तरातून तेवढी सही आणवून देता आल्यास उपकार होतील.

अनुदानासाठी पॅनेलमधील सेल स्वदेशी हवेत, संच बसवणारा नोंदणीकृत यादीतला हवा, आणि काम झाल्यावर पॅनेलशेजारी घरधन्यास उभे करून, अक्षांश-रेखांशांसह त्याचे छायाचित्र काढून ते दाखल करावयास हवे. आमची या साऱ्यास हरकत नाही. चिंता वाटते ती आपली. उदयाचल कोणत्या तालुक्यात मोडतो याचा दाखला आपणांपाशी नाही, आणि रोज सकाळी आपण जपानवरून येता, ही गोष्ट तर जगजाहीर आहे.

एक नियम मात्र असा आहे की त्यापुढे थट्टा थांबते. बाहेरची वीज गेली की गच्चीवरचा इन्व्हर्टरही तत्काळ बंद पडतो, आणि ऐन माध्यान्ही, आपण डोक्यावर तळपत असताना, घरातला पंखा थांबतो. शेजारीपाजारी यास मूर्खपणा म्हणतात. पण वाहिनी मृत आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाती आमच्या छपराची वीज लागू नये, यासाठी ही तजवीज आहे, आणि ती यथार्थ आहे. लक्षात घेण्याजोगे हे की, ज्या नियमाने माणसाचा जीव वाचतो तो यंत्रातच बसवलेला असून सही, शिक्का व हेलपाटा यांवाचून पाळला जातो. आणि ज्यांनी कोणाचेच काही वाचत नाही, त्यांच्यासाठीच दप्तरे बांधावी लागतात.

आता जमाखर्च. 3 किलोवॉटच्या संचातून स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे 12 युनिट निघतात. दुपारची शिल्लक दुतर्फा मोजणाऱ्या मीटरमधून बाहेर जाते, रात्री तेवढी परत घेता येते, आणि उरलेली पुढील महिन्यात ओढली जाते. पण 31 मार्चला खाते बंद होते, व शिल्लक युनिट नियामक आयोगाने ठरवलेल्या, म्हणजे आम्ही मोजतो त्याहून बऱ्याच खालच्या, दराने विकत घेतले जातात. हिवाळ्यात निरभ्र आकाश आणि पंखे बंद, म्हणून शिल्लक साठावी, आणि वैशाखवणव्यात तिची गरज पडण्याच्या तोंडावरच ती हिशेबातून बाद व्हावी, असा हा योग आहे. तरी फाल्गुनात आपण किंचित आवरते घ्यावे. स्थिर आकाराची काळजी नसावी; आपण उगवा वा न उगवा, तो भरावाच लागतो.

नियम नसावेत असे आमचे म्हणणे नाही. जाहिरातीत ज्यास उत्पादक म्हणून गौरवायचे, त्यास खिडकीवर याचक करून उभे करू नये, एवढीच कैफियत आहे. मीटर बसवून संच चालू करण्यास नियमाने 15 दिवसांची मुदत दिली आहे, आणि आमचे पॅनेल जोडणीवाचून गच्चीवर आपला प्रसाद निमूटपणे झेलीत पडले आहेत. आपला सारथी अरुण मांड्यांवाचून जन्मला असूनही एक दिवस उशिरा आल्याचे ऐकिवात नाही. त्यास काही काळ आमच्या उपविभागीय कार्यालयात प्रतिनियुक्तीवर धाडता आले तर पाहावे. दुसरे चिरंजीव शनैश्चर यांस मात्र पाठवू नये. ते तेथे अगोदरच रुजू आहेत.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक लघु वीज-उत्पादक
(अर्ज परिपूर्णतेच्या मार्गावर)