हलतंय ते कोण?

गाडीत नवा भाग बसवून आणला की मालकाचे कान एकदम तिखट होतात. कालपर्यंत दाराच्या कडीपासून डिकीतल्या जॅकपर्यंत सगळी गाडी वाजत होती आणि त्यावर गाण्यांचा आवाज वाढवणं हा आपला इलाज होता. पण एक्सल बदलला, खिसा हलका झाला, की दुसऱ्या दिवसापासून गाडीत खुट्ट झालं तरी जीव खालीवर होतो. आणि आवाज कुठलाही असो, संशयित एकच. सोसायटीत नवा भाडेकरू राहायला आला की वाकडी लावलेली प्रत्येक स्कूटर त्याचीच ठरते, तसं.

आमच्या गाडीचा डावा एक्सल पुण्याच्या पावसाळ्यानं खाल्ला. एक्सलच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांवर रबराचं वळ्यावळ्यांचं आवरण असतं, त्याला गॅरेजात बूट म्हणतात. ते फाटलं की ग्रीस बाहेर आणि चिखल-वाळू आत. मग सांध्यातल्या पोलादी गोळ्या झिजतात आणि पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग वळवून बाहेर पडताना कट-कट-कट अशी दवंडी पिटली जाते. किरकोळ किमतीच्या रबरापायी अख्खा एक्सल जातो, हे ऐकून तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाला त्रास होतो, पण ते असो.

ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीवाल्यांना हे दुखणं नव्हतं. त्यांच्या गाड्या मागच्या चाकांवर चालत. पुढच्या चाकांनी फक्त वळायचं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्याच चाकांनी वळायचंही आणि गाडीही ओढायची, अशी दुहेरी नोकरी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. चाक वळलेलं असताना त्याला एकसारख्या वेगानं फिरवायचं हे सोपं काम नाही. साधा फुलीचा सांधा कोनात फिरला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. फोर्डमधल्या आल्फ्रेड रझेप्पा या इंजिनिअरनं १९२०च्या दशकात गोळ्यांचा सांधा काढून ही धडपड थांबवली. चाकाकडच्या बाजूला बहुतेक गाड्यांत आजही त्याच जातीचा, सहा गोळ्यांचा सांधा असतो.

खरी गंमत गिअरबॉक्सकडच्या सांध्यात आहे. तिथे बहुधा तीन रोलर असतात आणि ते आपल्या खाचांतून आतबाहेर सरकतात. चाक खड्ड्यात उतरलं किंवा स्पीडब्रेकरवर चढलं की गिअरबॉक्सपासूनचं त्याचं अंतर बदलतं. तेवढं लांब-आखूड व्हायला कुणीतरी हवं ना! ते काम हा सांधा करतो. म्हणजे आपण गाडीखाली वाकून नवाकोरा शाफ्ट धरला आणि तो चांगला बोटभर आतबाहेर सरकला, तर समजावं की माल बरोबर आहे.

हे मला मिस्त्रींनी नंतर सांगितलं. त्याआधी, नवा एक्सल बसवूनही गाडी वाजते म्हटल्यावर, पार्किंगमध्ये आमच्या मजल्यावरचे काका गुडघे सांभाळत वाकले होते, शाफ्ट हलवून पाहिला होता आणि "सपशेल ढिला आहे, डुप्लिकेट मारलाय तुम्हाला," असा निकालही देऊन गेले होते. काका बँकेतून निवृत्त. पण चारचाकीच्या बाबतीत शिक्षणाची अट आपल्याकडे कुणीच पाळत नाही.

मिस्त्री निकाल देण्याची घाई करत नाहीत. त्यांनी चाक जॅकवर घेतलं आणि आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडे धरून हलवलं. वर-खाली हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं हललं तर बहुधा टाय रॉड. काहीच हललं नाही. मग गिअर टाकून चाक मागेपुढे फिरवलं. टक्-टक्. मी काकांच्या आवेशात म्हटलं, "बघा!" ते म्हणाले, "साहेब, गिअरच्या दातांत एवढी जागा लागतेच. तेल कुठं राहणार?" मग एक हात गिअरबॉक्सकडच्या सांध्याच्या वाटीवर, दुसरा शाफ्टवर. दोन्ही बरोबर फिरले तर ढिलेपणा पलीकडे, गिअरबॉक्समध्ये. वाटी जागेवर आणि शाफ्ट एकटाच फिरला तर सांधा दोषी. दोन्ही बरोबर फिरत होते. शेवटी उजव्या बाजूचा जुना एक्सलही तसाच हलवून पाहिला. तोही तेवढाच हलला आणि आजवर त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

चाकाच्या मधोमध असलेल्या नटाकडे मात्र त्यांनी फार गंभीरपणे पाहिलं. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो २०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला वीस किलो टांगावेत इतका जोर. चाकाचं बेअरिंग त्याच दाबावर तगून असतं. हवेच्या गननं घर्रर्र करून 'झालं' म्हणणाऱ्यांबद्दल मिस्त्रींची मतं छापण्याजोगी नाहीत. ते टॉर्क रेंच लावतात, दर वेळी नवा नट घालतात आणि त्याची कड छिन्नीनं खाचेत ठोकतात.

मग आम्ही चक्कर मारली. पूर्ण वळवून हळू चालवली: शांत. चढावर ॲक्सिलरेटर दाबला, आतला सांधा गेला असता तर थरथर आली असती: काही नाही. सरळ रस्त्यावर, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना एक चाक खड्ड्यात गेलं आणि खुडखुड झालं. मिस्त्रींचा चेहरा खुलला. जोर नाही, वळण नाही, तरी वाजतंय, मग एक्सल कशाला बोलेल? गॅरेजात परत येऊन त्यांनी सस्पेन्शनची डावी लिंक सोडवली आणि तिचं टोक दोन बोटांनी हलवून दाखवलं. ते दुधाच्या दातासारखं डुगडुगत होतं. म्हणजे ही बाई वर्षभर वाजत असणार. जुन्या एक्सलच्या कटकटीपुढे तिचं कुणी ऐकत नव्हतं एवढंच.

"लिंका जोडीनं बदलू," मिस्त्री म्हणाले.

"पण उजवी तर वाजत नाही."

"डावी बदलली की वाजेल," असं म्हणून त्यांनी पोराला दोन लिंका आणायला नाना पेठेत पिटाळलं.