मनगटावरची रात्रपाळी

माझ्या मामांच्या डाव्या मनगटावर दोन बोटं रुंदीचा एक पट्टा आहे. १९७२ सालापासून त्याला ऊन लागलेलं नाही. भुसावळात जन्म काढायचा, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जाताना बघायचा, आणि तरी अंगाचा एवढा भाग गोरापान राखायचा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. मामी म्हणते, "मुलगा गोरा आहे असं मध्यस्थानं सांगितलं होतं. ते एवढ्यापुरतं खरं निघालं."

हा पट्टा रात्रीही उघडा पडत नाही. मामा घड्याळ बांधून झोपतात.

तसे घड्याळ बांधून झोपणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण त्यातले बरेचसे हंगामी. पूर्वी मॅट्रिक पास झाल्याबद्दल घड्याळ मिळालेला पोरगा पहिले आठ दिवस ते काढत नसे. आठ दिवसांनी वेळ कळण्यातली गोडी संपायची, आणि कॉलेजला उशिरा जायला घड्याळ लागत नाही हेही त्याच्या लक्षात यायचं. दुसरा नवा जावई. सासऱ्यानं घातलेलं घड्याळ तो पहिल्या रात्रीही मनगटावर ठेवायचा. काढून ठेवलं आणि मेहुण्यानं पळवलं तर परत मागायचं कोणत्या तोंडानं? ही मंडळी दिवाळसणापर्यंत माणसात येतात. मामांची जात कायमची.

मामा मालगाडीचे गार्ड. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेनं 'गार्ड' हे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, तेव्हा मामांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बातमी वाचून ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "म्हणजे आम्ही छत्तीस वर्षं मॅनेजर होतो आणि कोणी सांगितलं नाही." मग घड्याळ पाहिलं, जणू फरकाची रक्कम त्या मिनिटापासून मोजायला घेतली.

घड्याळाचा हा ताठा त्यांना नियमाच्या पुस्तकातून आला आहे. गाडी सुटण्याआधी गार्डानं आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी लावायचं, मग ड्रायव्हरला वेळ सांगायची आणि ड्रायव्हरनं आपलं घड्याळ गार्डाच्या घड्याळाशी लावायचं, असा रेल्वेचा नियमच आहे. विचार करा. दोन-अडीच हजार टन कोळसा ओढणारं इंजिन पुढे, आणि वेळ सांगणारा मागच्या डब्यात. हे ज्याच्या हाडात मुरलं, तो पुढे घरातल्या कुठल्या घड्याळाला जुमानणार? स्वयंपाकघरातलं घड्याळ, मुलीचं घड्याळ, शेजारच्या देशपांड्यांचं घड्याळ, सगळी दर रविवारी मामांच्या मनगटाशी लावून घ्यावी लागत. देशपांडे एकदा म्हणाले, "आमचं आकाशवाणीशी लावलंय." मामांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की आकाशवाणीनं वेळ कोणाला विचारून लावली, हे त्यांना आधी सांगावं लागेल.

रेल्वेत मुख्य स्थानकांना रोज सोळा वाजता, म्हणजे तुमच्याआमच्या चार वाजता, प्रमाणवेळ कळवायची पद्धत. त्यामुळे मामांच्या घरी चारचा चहा सोळा वाजता होतो. मी लहानपणी सुट्टीत गेलो की पहिले दोन दिवस मनातल्या मनात बारा वजा करण्यात जायचे. "एकवीस तीसला जेवण," असं मामा म्हणाले की पोटातली भूक आधी गणित करायची. मामी मात्र पंचेचाळीस वर्षांच्या संसारात बधलेली नाही. ती "दिवेलागणीला", "नळ आल्यावर", "दूधवाला गेला की" अशा वेळा सांगते, आणि तिची एकही कधी चुकत नाही.

पण रात्री घड्याळ कशाला? कारण मालगाडीला वेळापत्रक नसतं. पॅसेंजरचा गार्ड निदान आपण आज कधी निघणार हे सांगू शकायचा. मालगाडीवाल्याला कंट्रोलमधून हुकूम यायचा, आणि तो आला की कॉल बॉय सायकलवर घरी येऊन दाराची कडी वाजवायचा. हा 'बॉय' पन्नाशीचाही असायचा. हातात कॉल बुक. त्यात नाव, गाडी, वेळ, आणि गार्डानं सही ठोकायची. रात्री एक दहाला कडी वाजली, तर मामा सही करण्याआधी मनगट बघत आणि कॉल बॉयनं टाकलेली वेळ तपासत. एकदा त्यात चार मिनिटांचा फरक निघाला. भर थंडीत दारात उभं राहून दोघांनी त्या चार मिनिटांवर वीस मिनिटं वाद घातला. शेवटी मामीनं आतून ओरडून सांगितलं, "सही करा आणि दोघंही जा."

घराबाहेरची झोप रनिंग रूममधली. एका खोलीत आठ खाटा, आठ गावची घोरणी, आणि दर तासाला कोणाला तरी उठवायला येणारा माणूस. तो अंधारात चुकीच्या खाटेला हलवायचा. अशा वेळी ज्याच्या मनगटावर घड्याळ, तो डोळे न उघडता "माझी वेळ झाली नाही" म्हणून कूस बदलू शके. शिवाय उशाखाली ठेवलेलं घड्याळ सकाळी उशाखालीच सापडेल, याची हमी कोणी देत नसे. मनगटाला चोर लागला तर निदान जाग तरी येते.

घड्याळ कोणतं, हे सांगायला हवं. एचएमटी जनता. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला, आणि पुढची दोन-तीन दशकं भारतातल्या नोकरदारांची मनगटं या कंपनीच्या ताब्यात होती. चावीचं घड्याळ, सतरा ज्वेल, रोज सकाळी पिळायचं. मामांनी पहिल्या पगारांतून पैसे साठवून ते घेतलं. २०१६ मध्ये सरकारनं घड्याळांची ही कंपनी बंद करायचं ठरवलं. मामा तेव्हा म्हणाले, "कंपनी बंद पडली, पण माझं कुठं बंद पडलंय?"

ते बंद पडत नाही, हेच मामीचं दुखणं. हे यंत्र सेकंदाला पाच टोले देतं, तासाला अठरा हजार. सात तासांच्या झोपेत सव्वा लाखावर टिकटिक. त्यात मामांना हात डोक्याखाली घेऊन झोपायची सवय, म्हणजे ती टिकटिक बरोबर दोन उशांच्या मधोमध. पट्टा स्टीलचा, स्प्रिंगवाला. तो मामीच्या केसांत अडकला आहे, मच्छरदाणीत अडकला आहे, तिच्या आईनं शिवलेल्या गोधडीचे दोरे त्यानं एकेक करून उपसले आहेत. सकाळी मामा उठले की त्यांच्या गालावर ओळीनं आडव्या खुणा. रूळ काढून नेल्यावर मागे स्लीपर राहावेत तशा.

एकदा मामीनं त्यांना स्टेशन रोडच्या घड्याळजीकडे पाठवलं, निदान त्याचं तरी ऐकतील म्हणून. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ उघडलं, फुंकर मारली आणि सांगितलं, "उताणं ठेवलं तर एक चाल, उभं ठेवलं तर दुसरी. दर घड्याळाची खोड निराळी. चावी मात्र रोज एका वेळेला द्या." एवढ्या सगळ्यातून मामांनी एकच गोष्ट उचलली: काढून ठेवलं की चाल बदलते. घरी येऊन मामीला म्हणाले, "तज्ज्ञाचं मत पडलं." आंघोळीपुरतं घड्याळ उतरतं, तेही मामीला रीतसर चार्ज देऊन. मामा बाहेर येईपर्यंत तिनं ते हातात धरून उभं राहायचं. फोडणी करपली तरी चालेल.

आता या सगळ्या कथेतली खरी गंमत. मामांच्या जनताला रेडियम नाही. भुसावळात दुचाकीच्या नंबर प्लेटपासून रिक्षाच्या पाठीवरच्या देवापर्यंत सगळ्यावर 'रेडियम' चिकटवून मिळतं. मामांच्या घड्याळाचे काटे मात्र अंधारात आंधळे. म्हणजे रात्री जाग आली, तर वेळ बघायला दिवा लावावा लागतो. दिव्याचं बटण भिंतीवर. आणि त्या बटणाच्या वर, वीतभर अंतरावर, भिंतीवरचं भलं मोठं घड्याळ आहे. मामा अंधारात चाचपडत तिथवर जात, बटण दाबत, भिंतीवरच्या घड्याळाला पाठ करून उभे राहत आणि मनगट डोळ्यांजवळ नेत.

"समोर आहे ना ते," मामी म्हणायची.

"ते लावलंय कशाशी? याच्याशीच ना!"

घरभर उजेड होतो म्हणून फारच ओरड झाली, तेव्हा मामांनी कपाटातून ड्यूटीची बॅटरी काढली. गार्डाच्या बॅटरीला तीन रंग असतात: पांढरा, लाल, हिरवा. पांढऱ्यानं मामीची झोप मोडायची. लालमुळे ती दचकून उठून बसायची. हिरवा चालला. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर बाजा टाकून झोपायचो, तेव्हा मध्यरात्री मामांच्या बाजेवर हिरवा दिवा लागायचा, दोन सेकंदांनी विझायचा, आणि मामी झोपेतच कूस बदलायची. लाइन क्लियर मिळाल्यासारखी.

मागच्या डिसेंबरात मामांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी गेलो होतो. माझ्या मनगटावर झोप मोजणारं स्मार्टवॉच. सकाळी मी त्यात डोकावलो, तर मामांनी विचारलं, "काय म्हणतं?"

"झोप बासष्ट गुणांची झाली."

"आणि पासिंगला किती?" मग थोडा वेळ थांबून, "आम्हाला झोप लागली की घड्याळ कळायचं नाही. तुम्हाला झोप लागली की नाही, हे घड्याळ सांगतं होय?" माझं घड्याळ तेवढ्यात बॅटरी संपल्याचं सांगून बंद पडलं. रात्रभर माझ्यावर पहारा दिल्यामुळे तेच दमलं होतं. मामांनी आपल्या जनताला चावी दिली आणि माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं.

दवाखान्यात नर्सनं सांगितलं, "आजोबा, अंगावरचं सगळं काढा." मामांनी अंगठी दिली, कवळी दिली, जानवंही काढायला तयार झाले. घड्याळापाशी गाडी अडली. शेवटी मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी बोळक्या तोंडानं, पण स्पष्ट सांगितलं, "नऊ बेचाळीस. बरोबर?" मी "बरोबर" म्हटलं. चार्ज झाला.

तिसऱ्या दिवशी, डोळ्यावरचा काळा चष्मा थोडा वर करून, मामांनी घड्याळाकडे नव्या डोळ्यानं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग हात हलवून पाहिला, परत पाहिलं. सेकंदकाटा निखळून काचेच्या आत पडला होता. हात हलला की डायलवर घरंगळायचा. 

"हा कधी पडला?"

"तीनेक वर्षं झाली असतील," मामी शेंगा सोलत म्हणाली.

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं? तुम्ही वेळ सांगायचात."

घड्याळजीनं काटा बसवून, ऑईलिंग करून दुसऱ्या दिवशी देतो म्हटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घड्याळ मामांना सोडून मुक्कामाला राहिलं. त्या रात्री मी मामांच्या खोलीत खाली गादी टाकली होती. मामी बिछान्यावर पाठ टेकताच घोरायला लागली. मामा मात्र डावा हात रजईच्या बाहेर काढून, नेहमीसारखाच डोक्याखाली घेऊन पडले होते.

पहाटे कधीतरी खोलीत हिरवा उजेड पडला. मामा उठून बसले होते. बॅटरी मनगटावर धरलेली, तो दोन बोटं रुंदीचा गोरा पट्टा हिरवा झालेला. नीट वाकून, एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं.

"तीन पाच," ते म्हणाले. बॅटरी विझवली आणि झोपले.

मी पांघरुणात मोबाईल उघडला. तीन वाजून सात मिनिटं झाली होती. मामांचं मनगट दोन मिनिटं मागे होतं.